समुदायातील ज्येष्ठ नागरिकांसाठी मानसिक आरोग्य शिक्षण : गोव्यातील अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के इतकी होती. राज्यनिहाय पाहता केरळमध्ये हे प्रमाण १२.६ टक्के, गोव्यात ११.२ टक्के व महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. वृद्धांच्या शारीरिक आरोग्याविषयी समाजात आता बरीच जाणीव आहे. गुडघेदुखी, मोतीबिंदू, मधुमेह व रक्तदाब हे विषय घरोघरी बोलले जातात, त्यांसाठी शिबिरेही भरतात. मानसिक आरोग्याची स्थिती मात्र निराळी आहे. 'लासी' या नावाने परिचित असलेल्या राष्ट्रीय वार्धक्यविषयक दीर्घकालीन अध्ययनाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली व तीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. तिच्यातील प्रश्नावलीच्या निकषांनुसार साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता दिसून आली. 'आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र केवळ ०.८ टक्के होते. ही तफावत सुमारे दहापट आहे.

या तफावतीचे कारण केवळ मानसोपचारतज्ज्ञांच्या तुटवड्यात शोधणे अपुरे ठरेल. तज्ज्ञ उपलब्ध असलेल्या शहरांतही वृद्ध व्यक्ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण आपल्याला जे होत आहे तो आजार आहे असे तिला वाटत नाही आणि तिच्या कुटुंबालाही वाटत नाही. मानसिक आरोग्य शिक्षणाचा प्रश्न येथून सुरू होतो. हे शिक्षण काय असावे, ते कोणी व कोठे द्यावे आणि त्याने नेमके काय साध्य होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात प्रामुख्याने गोव्यातील संशोधनाच्या आधारे केले आहे.

वार्धक्य आणि आजार यांतील सीमारेषा

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी भाषकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात एक वैद्यकीय गृहीतक दडलेले आहे हे सहसा लक्षात येत नाही. वय वाढले की बुद्धी जाणारच, असे ते गृहीतक होय. 'म्हातारचळ' हा शब्द तर एकाच वेळी निदान, उपहास व निकाल असे तिन्ही देतो. वडील एकाच गोष्टीची दहादा चौकशी करू लागले, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकू लागले, सुनेने दागिने चोरले असा आरोप करू लागले, तर या शब्दाने सारे मिटते आणि डॉक्टरांकडे जाण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेले गुणात्मक संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नेमकी हीच बाब समोर आली. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना परिचित होती, पण ती वार्धक्याचा नैसर्गिक भाग समजली जात. नैराश्याचे वर्णनही त्यांना ओळखू येत होते, मात्र त्याचे कारण कुटुंबीयांची उपेक्षा व गैरवर्तणूक यांत पाहिले जाई. दोन्ही बाबतीत वैद्यकीय मदतीचा विचार मागे पडत होता. यातील दुसरा समज पूर्णतः चुकीचा आहे असेही म्हणता येत नाही. उपेक्षेने नैराश्य येऊ शकते. चूक आहे ती कारण सामाजिक असल्यास उपचार संभवत नाही असे मानण्यात. पाय घसरून हाड मोडले म्हणून कोणी त्यावर प्लास्टर घालणे टाळत नाही.

म्हणूनच या शिक्षणाच्या आशयात पहिले स्थान सीमारेषा ओळखण्यास द्यावे लागते. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयानुरूप आहे, परंतु चष्मा कशासाठी असतो हेच न उमजणे वयानुरूप नाही. जोडीदाराच्या निधनानंतर काही महिने दुःखी असणे हा शोक आहे. त्या शोकात नातवंड जवळ आल्यावर क्षणभर तरी चेहरा उजळतो. पण अन्नावरची वासना उडणे, पहाटे तीन-चारलाच जाग येऊन नको ते विचार घेरणे, पूर्वीच्या आवडीच्या कशातच मन न रमणे आणि आपण इतरांवर भार आहोत असे सतत वाटणे, ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तपासणी आवश्यक ठरते. 'आता देवाने न्यावे' हे वाक्य अनेक वृद्धांच्या तोंडी सहज असते व ते दरवेळी धोक्याचेच असते असे नाही. परंतु त्याच्या जोडीला औषधे घेणे सोडणे, अन्न नाकारणे, वस्तू वाटून टाकणे किंवा जीव देण्याचे बोलणे दिसू लागले, तर ते ऐकून न ऐकल्यासारखे करणे घातक असते. अशा वेळी थेट व शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते.

याखेरीज तिसरी एक स्थिती कुटुंबांना सांगून ठेवणे अगत्याचे आहे. वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांतच एकाएकी बरळू लागली, वेळकाळाचे भान गेले, कधी सुस्त तर कधी अस्वस्थ झाली, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. तो बहुधा डेलिरियम असतो. मूत्रमार्गाचा वा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील सोडियमची घट, नवीन औषध अथवा शस्त्रक्रिया ही त्यामागील नेहमीची कारणे होत. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षांत वाढतो, डेलिरियम तासांत किंवा दिवसांत येतो. वेळीच रुग्णालयात नेल्यास तो बहुधा आटोक्यात येतो, 'बाहेरचे काहीतरी' समजून थांबल्यास प्राणावर बेतते. थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव व कमी ऐकू येणे ही कारणेही मंदपणाचा भास निर्माण करतात, आणि ती दुरुस्त करता येण्याजोगी आहेत.

भाषेचा प्रश्न

मराठी वैद्यकीय लेखनात 'नैराश्य' ही संज्ञा रूढ आहे व सुशिक्षित वर्गात 'डिप्रेशन' हा शब्दही. ग्रामीण भागातील सत्तरीची स्त्री यांपैकी कोणताही शब्द स्वतःसाठी वापरत नाही. जीव लागत नाही, घाबरे होते, छातीत धडधडते, डोके भणभणते, अंगात त्राण नाही, हातापायांतून वाफा निघतात, झोप येत नाही, अशी तिची भाषा असते. तिच्या दृष्टीने ही शरीराची गाऱ्हाणी आहेत आणि ती घेऊन ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. तेथे तिला शक्तीची गोळी वा सुई मिळते. 'तुम्हाला मानसिक आजार आहे' असे वाक्य तिच्यासमोर उच्चारणे म्हणजे 'तुम्हाला वेड लागले आहे' असे म्हणण्यासारखे ठरते. शिक्षणाची सामग्री तयार करणाऱ्यांनी पारिभाषिक संज्ञांचे अर्थ सांगत बसण्यापेक्षा या तक्रारींपासून आरंभ केला तर संवाद घडण्याची शक्यता अधिक असते. झोप या विषयावर बोलण्यास कोणाही वृद्धाला संकोच वाटत नाही, आणि झोपेच्या वाटेने मनापर्यंत जाता येते.

गोव्यातील प्रतिबंधात्मक प्रयोग

या तत्त्वाचा विचारपूर्वक वापर गोव्यात झाला. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य सेवेच्या पातळीवर, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी मानसिक आरोग्य सेवा देण्याचे प्रयोग केले आहेत. त्याच परंपरेतील, केवळ वृद्धांसाठी आखलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष अमित डायस, विक्रम पटेल, चार्ल्स रेनॉल्ड्स व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'जामा सायकिअॅट्री' या नियतकालिकात मांडले. नैराश्याचा आजार अद्याप जडलेला नाही परंतु त्याची सौम्य लक्षणे आहेत, अशा साठ वर्षांवरील १८१ व्यक्ती गोव्यातील ग्रामीण व शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून निवडण्यात आल्या. त्यांपैकी ९१ जणांना समुपदेशकांचा कार्यक्रम व ९० जणांना नेहमीची सेवा मिळाली. ही विभागणी यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली होती. वर्षभरात नेहमीच्या सेवेच्या गटातील १३ जणांना, म्हणजे सुमारे १४.४ टक्के व्यक्तींना, तीव्र नैराश्य जडले. कार्यक्रम मिळालेल्या गटात ही संख्या ४, म्हणजे ४.४ टक्के होती. कार्यक्रम मिळालेल्या गटातील व्यक्तींचा रक्तदाबही तुलनेने कमी आढळला. नमुना लहान आहे व एका छोट्या राज्यापुरता आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही, आजार होण्यापूर्वीच तो रोखण्याचा हा प्रयत्न असल्याने समुदाय-शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे मोल विशेष आहे.

अभ्यासकांचे लक्ष आकड्यांइतकेच कार्यक्रमाच्या घडणीकडे जाणे इष्ट आहे. त्यात मुख्यतः चार गोष्टी होत्या : समस्या सोडविण्याचे कौशल्य, झोपेच्या सवयींत बदल, मधुमेहासारख्या सामान्य आजारांत स्वतःची काळजी घेण्याचे शिक्षण आणि वैद्यकीय व सामाजिक योजनांचा लाभ मिळविण्यास साहाय्य.

समस्या सोडविण्याचे कौशल्य ही पद्धत ऐकताना फार साधी वाटते. मनावर ओझे असलेल्या अनेक गोष्टींतून हाताळण्याजोगी एक निवडायची, तिच्यावरचे शक्य असलेले सगळे उपाय मोकळेपणाने मांडायचे, प्रत्येकाचे फायदे-तोटे पाहून एक ठरवायचा, आठवडाभर तो करून पाहायचा व पुढच्या भेटीत काय झाले ते तपासायचे. समजा, एका विधवा स्त्रीचे निवृत्तिवेतन बँकेत जमा होणे बंद झाले आहे. मुलाला सांगितले तर तो चिडतो, बँकेत एकटीने जाण्याचे धैर्य नाही. ती रात्रभर जागते. येथे समुपदेशक तिच्या वतीने बँकेत जात नाही आणि 'काळजी करू नका' असेही म्हणत नाही. शेजारणीला सोबत न्यावे की ग्रामपंचायतीत चौकशी करावी, कोणती कागदपत्रे लागतील, कोणत्या दिवशी जावे, हे ती स्त्री स्वतः ठरवते. पैसे मिळाले तर उत्तमच. न मिळाले तरी आपल्या हातात काही आहे हा अनुभव तिला येतो, आणि नैराश्याला पोसणारी असहायता तेवढ्याने सैल होते.

झोपेबाबतचे शिक्षण अनेकांच्या समजुतीविरुद्ध जाणारे आहे. झोप येत नाही म्हणून वृद्ध व्यक्ती रात्री आठलाच अंथरुणावर पडते, दुपारीही दोन तास लवंडते आणि पहाटे जाग आली तरी तशीच पडून राहते. परिणामी अंथरुण हे झोपेऐवजी जागण्याचे व चिंतेचे ठिकाण बनते. अंथरुणातील एकूण वेळ कमी करणे, रात्र कशीही गेली तरी रोज ठरावीक वेळी उठणे, झोप आल्यावरच आडवे होणे आणि जाग आल्यास उठून दुसरीकडे बसणे, हे यावरचे परिणामकारक उपाय आहेत. याउलट औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या उतारवयात तोल जाण्यास, पडण्यास व गोंधळलेपणास कारण होतात. ही एक गोष्ट जरी गावातील ज्येष्ठांच्या बैठकीत नीट समजावली गेली तरी पुष्कळ साधले असे म्हणता येईल.

चौथा घटक, म्हणजे योजनांचा लाभ मिळवून देण्याचे साहाय्य, हा मानसिक आरोग्य शिक्षणात कसा बसतो असा प्रश्न काहींना पडेल. पण ज्याची औषधे पैशाअभावी थांबली आहेत त्याला सकारात्मक विचारांचे महत्त्व सांगणे ही क्रूर थट्टा होय. गोव्यातील दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, महाराष्ट्रातील श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना व संजय गांधी निराधार अनुदान योजना यांची माहिती आणि अर्ज भरण्यास मदत हा म्हणूनच या शिक्षणाचा अविभाज्य भाग ठरतो.

काळजीवाहकांचे शिक्षण

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत शिक्षणाचा मुख्य विद्यार्थी रुग्ण नसून त्याची काळजी घेणारी व्यक्ती असते, आणि आपल्याकडे ती बहुतांशी पत्नी, सून वा मुलगी असते. 'लासी'शी निगडित स्मृतिभ्रंशविषयक अध्ययनाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले अनुमान असे की भारतातील साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे.

१९९८ मध्ये कोची येथील परिषदेच्या वेळी '१०/६६' नावाचा आंतरराष्ट्रीय संशोधन गट स्थापन झाला. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असूनही त्यांच्यासंबंधी दहा टक्केही संशोधन होत नाही, या विषमतेवरून गटाने आपले नाव घेतले. या परंपरेतील गोव्याचा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८१ कुटुंबे सहभागी होती. प्रशिक्षित गृहभेट सल्लागार घरी जाऊन आजाराची माहिती देत, त्रासदायक वर्तन कसे हाताळावे व दैनंदिन कामे कशी सोपी करावीत हे दाखवीत, आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांची मदत मिळे. सहा महिन्यांनंतर काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य लक्षणीयरीत्या सुधारले व रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या कार्यक्षमतेत मात्र तितका स्पष्ट फरक दिसला नाही. हा निष्कर्ष निराशाजनक मानण्याचे कारण नाही. सासूबाई मुद्दाम त्रास देत नाहीत, मेंदूतील बदलांमुळे तसे घडते, हे एकदा उमगले की सुनेच्या मनातील राग व त्यापाठोपाठ येणारा अपराधभाव दोन्ही उतरतात. 'तुमचे दागिने कोणी घेतले नाहीत' असा वाद घालण्याऐवजी 'चला, आपण मिळून शोधू' असे म्हणण्याने संध्याकाळ शांततेत जाते.

प्रतिबंधाच्या बाबतीतही कुटुंबाला सांगण्यासारखे बरेच आहे. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी निगडित व बदलता येण्याजोगे चौदा घटक दिले असून ते सर्व दूर करता आले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश सैद्धांतिकदृष्ट्या टाळता वा लांबविता येईल असे अनुमान त्यात आहे. श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकाकीपणा व दृष्टिदोष ही त्यांतील काही नावे होत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वा श्रवणयंत्र यांकडे 'आता या वयात कशाला' म्हणून होणारे दुर्लक्ष या दृष्टीने महागात पडणारे आहे.

कायदा, मालमत्ता आणि भीती

वृद्ध व्यक्ती मानसोपचार टाळते त्यामागे लोकलज्जेबरोबरच एक व्यावहारिक भीतीही असते. मानसोपचारतज्ज्ञाचा कागद एकदा फाइलीत लागला की मृत्युपत्र, खरेदीखत वा बक्षीसपत्र यांवर उद्या कोणी आक्षेप घेईल, अशी ही भीती आहे. मृत्युपत्राच्या आरंभी शुद्धीवर असल्याची ग्वाही देण्याची प्रथा सर्वांना ठाऊक असते. ही भीती निराधार म्हणून झटकून टाकण्यापेक्षा तिचे उत्तर द्यावे लागते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याशिवाय, केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून व्यक्ती विकल मनाची ठरत नाही, असे त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट केले आहे. आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत याचे आगाऊ निर्देश देण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकारही या कायद्याने दिला आहे. स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभी, निर्णयक्षमता शाबूत असताना, ही तजवीज करता येते. समाजात ही माहिती अत्यल्प आहे.

उपेक्षा वा छळ हेच दुःखाचे मूळ असेल तेथे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण कायदा उपयोगी पडतो. त्यानुसार निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्रत्यक्षात मुलाविरुद्ध अर्ज करण्यास आईचे मन धजावत नाही, आणि शिक्षणाने हा पेच सुटतो असा दावा कोणी करू नये. निदान १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आणि १४४१६ ही २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली मानस' सेवा यांचे क्रमांक घरातील दूरध्वनीजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवलेले असावेत.

महाविद्यालयांचे स्थान

१ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन व १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन अनेक महाविद्यालयांत साजरे होतात. दीपप्रज्वलन, तज्ज्ञांचे व्याख्यान, छायाचित्र व अहवाल असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. अशा कार्यक्रमांना उपस्थित राहणारे ज्येष्ठ बहुधा ज्येष्ठ नागरिक संघांचे सभासद, निवृत्तिवेतनधारक, चालते-फिरते आणि मोठ्या प्रमाणावर पुरुष असतात. ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक निकड आहे ती मंडळी, म्हणजे घराबाहेर न पडणारी, ऐकू न येणारी, निरक्षर, एकटी राहणारी वृद्धा, सभागृहापर्यंत येतच नाही. गोव्यातील दोन्ही प्रयोगांत समान असलेली बाब म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीने एकेका माणसासोबत वा कुटुंबासोबत पुन्हा पुन्हा बसून केलेले काम. सभागृहातील एका व्याख्यानाने तसा परिणाम घडेल असे मानण्यास त्या प्रयोगांतून कोणताही आधार मिळत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांकडे मात्र या कामासाठी लागणारी एक गोष्ट निश्चित आहे, ती म्हणजे वेळ. दत्तक गावातील वीस घरे, दोघा-दोघांच्या जोड्या, पंधरवड्यातून एक भेट, अशी मर्यादित योजनाही एखाद्या भव्य मेळाव्याहून अधिक फलदायी ठरू शकते. विद्यार्थ्यांनी समुपदेशक होण्याचा प्रयत्न करू नये. त्यांचे काम ऐकणे, ठरलेल्या चार-पाच खुणा ओळखणे व आशा कार्यकर्तीला वा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळविणे इतकेच असावे. त्यासाठीही पूर्वप्रशिक्षण, गोपनीयतेची शिस्त आणि एखाद्या आजीने जीव नकोसा झाल्याचे सांगितल्यास त्याच दिवशी कोणाला कळवायचे याचा लेखी क्रम आधीच निश्चित असणे अनिवार्य आहे. जवळचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम या प्रशिक्षणाला जोडून घेता येईल. ही व्यवस्था नसताना विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन घरोघरी पाठविणे, आणि मिळालेल्या गुणांवरून शोधनिबंध सिद्ध करणे, हे शैक्षणिकदृष्ट्या सोयीचे असले तरी नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही. प्रश्न विचारला की उत्तराची जबाबदारीही येते.

आणखी एक अडचण भेटी थांबण्याची आहे. विद्यार्थी तीन वर्षांत पदवी घेऊन जातो, परीक्षेच्या काळात भेटी खंडित होतात, आणि ज्या वृद्धेला पंधरवड्याला येणाऱ्या मुलीची सवय झालेली असते तिच्या वाट्याला आणखी एक ताटातूट येते. म्हणून आरंभापासूनच गावातील बचत गटाची एखादी सदस्या वा शेजारीण त्या भेटीत सामील करून घ्यावी, वर्षाअखेर जुन्या जोडीने नव्या जोडीची ओळख प्रत्यक्ष घरी जाऊन करून द्यावी, आणि परीक्षेचे वेळापत्रक लागताच पुढील भेट केव्हा होईल हे त्या घरातील दिनदर्शिकेवर खूण करून सांगावे.